शतांशाच्या पुढे जाऊ नये

रिओच्या ऑलिंपिक तलावात १२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरुषांची १०० मीटर बटरफ्लाय शर्यत संपली, तेव्हा निकालाच्या फलकावर दोनचा आकडा तीन वेळा उमटला. पहिला आला होता सिंगापूरचा जोसेफ स्कूलिंग, ५०.३९ सेकंदांत. त्याच्याबद्दल वाद नव्हताच. बाकीच्यांच्या पाऊण सेकंद आधी त्याने भिंत गाठली होती. त्याच्या मागे अमेरिकेचा मायकल फेल्प्स, दक्षिण आफ्रिकेचा चॅड ले क्लो आणि हंगेरीचा लास्लो चेह. तिघांचीही वेळ ५१.१४. तिघांना रौप्यपदक मिळाले, कांस्य कोणालाच नाही. चीनचा ली झुहाओ ५१.२६ सेकंदांत पोहोचला, तो थेट पाचवा. आदल्याच रात्री याच तलावात महिलांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक अमेरिकेची सिमोन मॅन्युएल आणि कॅनडाची पेनी ओलेक्सियाक यांच्यात वाटले गेले होते. दोघींची वेळ ५२.७०.

असे काही घडले की एक हळहळ हमखास कानावर येते. एवढी अत्याधुनिक यंत्रणा, एवढा खर्च, आणि तिघांतला दुसरा कोण ते सांगता येऊ नये? सेकंदाचा हजारावा भाग मोजायला काय हरकत होती? ही हळहळ ऐकायला रास्त वाटते. मुळात ती चुकीची आहे, आणि जलतरणाच्या कारभाऱ्यांनी गेली अनेक दशके तिला दाद दिलेली नाही, हे त्यांचे मोठेच शहाणपण. खेळांचे कारभारी शहाणपणासाठी फारसे प्रसिद्ध नसतात, म्हणून याची नोंद व्हायला हवी.

हजारावा भाग घड्याळाला मोजता येत नाही असे नाही. १९७२ मध्येच येत होता. म्युनिक ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ४०० मीटर वैयक्तिक मेडलीत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी दोघेही ४ मिनिटे ३१.९८ सेकंदांत आले. पंचांनी आणखी एक आकडा उघडून पाहिला. लार्सन ४:३१.९८१, मॅकी ४:३१.९८३. दोन हजारांश सेकंदांच्या फरकाने लार्सनला सुवर्ण, मॅकीला रौप्य. निकाल लागला, पदके गळ्यात पडली, राष्ट्रगीत वाजले. मग कोणीतरी साधा हिशेब केला. त्या वेगाने पोहणारा माणूस दोन हजारांश सेकंदांत जेमतेम तीन मिलिमीटर पुढे जातो. चारशे मीटर म्हणजे पन्नास मीटरच्या तलावाच्या आठ फेऱ्या. आठ फेऱ्यांनंतर तीन मिलिमीटर!

आता तलाव कसा बांधतात ते पाहा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार पन्नास मीटरच्या तलावाची लांबी पन्नासपेक्षा केसभरही कमी चालत नाही. जास्त मात्र तीन सेंटिमीटरपर्यंत चालते. ही सूट चैनीखातर दिलेली नाही. काँक्रीट ओतायचे, त्यावर लाद्या बसवायच्या, त्यावर टचपॅड लटकवायचे, त्यात हजारो घनमीटर पाणी भरायचे, आणि हे सगळे दोन्ही टोकांना, प्रत्येक लेनमध्ये, मिलिमीटरच्या आत राखायचे, हे कोणत्याही कंत्राटदाराच्या आवाक्यातले नाही. म्हणजे चौथ्या लेनमधला पोहणारा आणि पाचव्या लेनमधला पोहणारा यांचे अंतर नियमाला धरूनही एका फेरीत तीन सेंटिमीटरने वेगळे असू शकते. आठ फेऱ्यांत चोवीस सेंटिमीटरने. तिथे तीन मिलिमीटरचा विजय जाहीर करणे म्हणजे पोहणाऱ्याचे श्रेय गवंड्याला देणे. म्युनिकनंतर नियम बदलला: वेळ शतांशापर्यंतच, शतांशावर बरोबरी झाली तर बरोबरीच. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला नॅन्सी हॉग्सहेड आणि कॅरी स्टाइनसायफर, २००० मध्ये सिडनीला अँथनी अर्विन आणि गॅरी हॉल धाकटा, अशी सुवर्णपदके त्यामुळेच वाटली गेली.

हजारांश मोजणारे खेळ आहेत, आणि ते चूक करत नाहीत. बर्फावरच्या लूज शर्यतीत स्पर्धक एकामागून एक त्याच नळीतून खाली येतात. बांधणारा चुकला असेल तर सगळ्यांसाठी सारखाच चुकला. धावण्याच्या शर्यतीत सगळ्यांच्या छातीसमोर एकच रेषा असते आणि एकच कॅमेरा तिच्याकडे पाहत असतो. तलावात आठ लेन म्हणजे आठ वेगळे रस्ते आणि आठ वेगळ्या भिंती. घड्याळ कितीही बारीक असले तरी रस्त्याच्या मोजमापापेक्षा बारीक होऊन उपयोग काय? आपल्याकडे सीईटीचा पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत छापतात आणि शेवटच्या तीन-चार आकड्यांवरून घराघरांत रात्र जागवली जाते. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याची अचूकता तेवढी असते का, हे विचारायचे कोणाच्या डोक्यात येत नाही.

हा सगळा वाद बटरफ्लायच्या शर्यतीत जास्त झोंबतो, त्याला कारण आहे. फ्रीस्टाइलवाला भिंतीजवळ येताना खांदा वळवून एक हात लांबवतो; बोटभर कमी पडले तर ते बोट पुढे काढता येते. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकदमच भिंतीला लागले पाहिजेत, नाहीतर बाद. हात पाण्यावरून एकत्र पुढे येतात, एकत्र आत जातात, आणि मध्ये काही करायला वाव नसतो. शेवटच्या पाच मीटरांत स्ट्रोकचे गणित जुळले तर ठीक. नाही जुळले तर दोनच पर्याय उरतात. हात पुढे ताणून तसेच सरपटत जायचे, म्हणजे ग्लाइड करायचे, आणि दर क्षणाला वेग गळताना सोसायचे. किंवा जागा नसताना आणखी एक अर्धामुर्धा स्ट्रोक कोंबायचा. दमलेल्या शरीराने, पाण्याखाली डोके असताना, हा निर्णय क्षणाच्याही तुकड्यात घ्यायचा असतो. चुकलाच तर तो सगळ्या जगाला संथ गतीत पुन्हापुन्हा दाखवला जातो.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा मॅट बायोंडी सात सुवर्णांच्या आशेने उतरला होता. १०० मीटर बटरफ्लायमध्ये तो पुढे होता, भिंत समोर होती आणि स्ट्रोक मात्र मध्येच संपला होता. त्याने ग्लाइड केले. शेजारून सुरिनामचा अँथनी नेस्टी आला: ५३.०० विरुद्ध ५३.०१. ज्या देशात तेव्हा ऑलिंपिक लांबीचा एकच तलाव होता, त्या देशाचे ते पहिले ऑलिंपिक पदक, आणि जलतरणात सुवर्ण मिळवणारा नेस्टी पहिला कृष्णवर्णीय पुरुष. पुढे हाच नेस्टी फ्लोरिडात प्रशिक्षक झाला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून काठावर उभा राहिला. ज्या अमेरिकेच्या माणसाला त्याने हरवले होते, तिच्याच मुलांना तो भिंत कशी गाठायची ते शिकवतो.

वीस वर्षांनी बीजिंगमध्ये तेच नाटक, पात्रे बदलून. १६ ऑगस्ट २००८. सर्बियाचा मिलोराद चाविच पन्नास मीटरला पहिला वळला, फेल्प्स सातवा, बासष्ट शतांश मागे. परतीच्या फेरीत फेल्प्सने अंतर तोडत आणले, तरी शेवटच्या मीटरला चाविच पुढे होता. तो हात ताणून ग्लाइड करत भिंतीकडे गेला. फेल्प्सने अर्धा स्ट्रोक कोंबला. आपण चुकलो, शर्यत गेली, असेच त्या क्षणी आपल्याला वाटले, असे फेल्प्सने नंतर सांगितले. फलकावर ५०.५८ आणि ५०.५९. फेल्प्स जिंकला होता. आठ सुवर्णांपैकी ते सातवे, मार्क स्पिट्झची १९७२ ची बरोबरी करणारे. गंमत म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकातही तेवढाच फरक होता: ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू लॉटरस्टाइन ५१.१२, विश्वविक्रमवीर इयन क्रॉकर ५१.१३. क्रॉकरच्या हुकलेल्या पदकाबद्दल कोणी एक ओळ लिहिल्याचे आठवत नाही.

सर्बियाच्या संघाने तक्रार केली. दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या कित्येकांनाही चाविचचे हात आधी पोहोचल्यासारखे दिसले होते, आणि घड्याळाची कंपनी फेल्प्सची प्रायोजक असल्याने संशयाला आयतेच खाद्य मिळाले. केनियाचे पंच बेन एकुंबो यांनी कॅमेऱ्यांची चित्रे पाहून निकाल कायम ठेवला. इथे टचपॅडचा स्वभाव समजून घ्यायला हवा. ती पिवळट पाटी लाटेच्या धक्क्याने दबून चालत नाही, नाहीतर पोहणारा यायच्या आधीच घड्याळ थांबेल. म्हणून ती हाताचा ठराविक दाब मागते. बोटे तिच्यापाशी पोहोचली आहेत की नाहीत याच्याशी तिला देणेघेणे नाही; ती ढकलली गेली पाहिजे. सरपटत आलेला हात पाटीला हळूच भेटतो, वरून आपटलेला हात तिला दणका देतो. चाविचचा पराभव तिथे झाला, आणि तो कटाने झाला असे मानायला काहीही आधार नाही. चाविचने स्वतः रौप्य मान्य केले आणि पुढच्या तयारीला लागला.

कोणी म्हणेल, ही तर आमच्याच बाजूची साक्ष झाली. तीन सेंटिमीटरची सूट धरली तर शतांशावर तरी भरवसा कसा ठेवायचा? बटरफ्लायच्या अव्वल शर्यतीत सरासरी वेग सेकंदाला सुमारे दोन मीटर. म्हणजे शतांश सेकंदात दोन सेंटिमीटर. बीजिंगचा निकालही तलावाच्या सुटीच्या पोटातच बसतो. मुद्दा बिनतोड आहे आणि तो झटकून चालणार नाही. तो आपल्या घरापर्यंतही येतो. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्य मिळवले. १९८६ मध्ये खजानसिंगने सोलला २०० मीटर बटरफ्लायचे रौप्य मिळवल्यानंतर भारताला आशियाई तलावात मिळालेले ते पहिले पदक, दोन्ही बटरफ्लायमधलीच. मग २०१८ मध्ये जकार्तात हाच वीरधवल, दरम्यान तहसीलदार झालेला, ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत २२.४७ सेकंदांत आला. जपानचा शुनिची नाकाओ २२.४६. कांस्य जपानला, चौथा क्रमांक आपल्याला. घड्याळ दशांशावर थांबवले असते तर कांस्य दोघांचे झाले असते. बीजिंगला चाविचलाही सुवर्ण, सोलला बायोंडीलाही.

तरीही शतांशाची रेघ सोडू नये असे आमचे मत आहे, आणि जकार्ता आठवूनही आहे. नियमात दिलेली सूट म्हणजे प्रत्यक्षातला फरक नव्हे. चांगल्या तलावांच्या शेजारशेजारच्या लेन टोकाच्या सुटीइतक्या वेगळ्या असतीलच असे नाही. शतांश हा मोजमापाच्या काठावर उभा आहे, एक पाय आत, एक बाहेर. तिथे संशयाला जागा आहे. पण दोन सेंटिमीटर म्हणजे निदान बोटाची रुंदी, आणि बायोंडीचे किंवा चाविचचे ग्लाइड ही डोळ्यांना दिसणारी चूक होती. दशांशावर गेलो तर वीस सेंटिमीटरने मागे पडलेलाही बरोबरीचा ठरेल, म्हणजे उघड हरलेल्याला जिंकवावे लागेल. हजारांशावर गेलो तर दोन मिलिमीटरवर पदके वाटावी लागतील, आणि तिथे दोन्ही पाय बाहेर आहेत.

मोजमाप अचूक असूनही मोजले काय जाते याचा विसर पडला की काय होते, हे २००९ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत दिसले. बीजिंगचा हिशेब चुकवायला चाविच तिथे आला होता. उपांत्य फेरीत ५०.०१ चा विश्वविक्रम करून त्याने फेल्प्सला इशाराही दिला. अंगात त्याने नवा पॉलियुरेथेनचा पोशाख घातला होता; फेल्प्सच्या अंगात आदल्या वर्षीचा, आता जुना ठरलेला. अंतिम फेरीत फेल्प्स ४९.८२, चाविच ४९.९५. पन्नास सेकंदांच्या आत जाणारे हे पहिले दोघे, एकाच शर्यतीत. जिंकल्यावर फेल्प्सने आपल्या पोशाखाचा पट्टा ओढून दाखवला, तो कोणासाठी हे सांगायची गरज नव्हती. फेल्प्स जिंकला म्हणून ती शर्यत शोभली, एरवी त्या आठवड्यात एकूण ४३ विश्वविक्रम झाले आणि त्यातले किती माणसांचे नि किती कापडाचे हे कोणालाच सांगता येईना. शतांश सगळे बरोबर होते. २०१० च्या सुरुवातीपासून ते पोशाख बंद झाले, पुरुषांना कंबर ते गुडघा एवढेच साधे कापड उरले. आणि फेल्प्सचा ४९.८२ मोडायला केलेब ड्रेसेलला २०१९ पर्यंत वाट पाहावी लागली.

रिओच्या त्या तिघांकडे परत पाहिले तर बरोबरी हीच त्या रात्रीची खरी बातमी होती असे वाटते. ले क्लो हा २०१२ मध्ये लंडनला २०० मीटर बटरफ्लायमध्ये पाच शतांशांनी फेल्प्सला हरवणारा, तोही फेल्प्सने भिंतीपाशी ग्लाइड केले म्हणून. रिओत दोघांमधून विस्तव जात नव्हता. ले क्लोच्या तयारीच्या उड्या आणि फेल्प्सचा कपाळाला आठ्या घातलेला चेहरा जगभर फिरला होता. चेह हा बीजिंगमध्ये तीन वेळा दुसरा आलेला, तिन्ही वेळा फेल्प्सच्याच मागे. सहा ऑलिंपिक पदके, एकही सुवर्ण नाही. त्या रात्री तो पहिल्यांदाच फेल्प्सच्या मागे नव्हता, बरोबरीने होता. तिघेही हातात हात घालून मंचावर चढले. फेल्प्सची ती शेवटची वैयक्तिक शर्यत. वरच्या पायरीवरचा स्कूलिंग तेरा वर्षांचा असताना, २००८ मध्ये सिंगापुरात फेल्प्ससोबत छायाचित्र काढून घेऊन गेला होता. ते छायाचित्र नंतर सगळ्यांनी पाहिले. सिंगापूरचे ते पहिलेच ऑलिंपिक सुवर्ण होते. हजारांश मोजला असता तर त्या तिघांपैकी एकाला रौप्य, एकाला कांस्य आणि एकाला काहीच नाही. ते कोण, हे ब्राझीलमधल्या लाद्यांनी ठरवले असते.

उरला टिम मॅकी. म्युनिकला त्याला ४०० मीटर मेडलीत रौप्य मिळाले, २०० मीटरमध्येही रौप्य, दोन्हीकडे पुढे लार्सन. २०० मीटरला लार्सन निर्विवाद पुढे होता, त्याबद्दल तक्रार नाही. १९७६ मध्ये माँट्रियलला मॅकीला पुन्हा ४०० मीटर मेडलीत रौप्य. तीन रौप्ये, सुवर्ण एकही नाही. आणि त्यातले एक अशा मोजमापाने गेले की जे खेळानेच पुढे अग्राह्य ठरवले. नियम बदलला, निकाल मात्र तसाच ठेवला. जुने निकाल उघडायचे नसतात असे ऑलिंपिक समितीला म्हणता येणार नाही. अमेरिकेच्या जिम थॉर्पची काढून घेतलेली १९१२ ची पदके तिने आधी १९८२ मध्ये संयुक्त म्हणून परत दिली आणि २०२२ मध्ये त्याला एकट्यालाच विजेता जाहीर केले. थॉर्पचे प्रकरण हौशी-व्यावसायिकतेच्या कालबाह्य नियमाचे होते. मॅकीचे प्रकरण त्याहून सोपे आहे. लार्सनचे काहीही काढून घ्यायचे नाही. ४ मिनिटे ३१.९८ सेकंद या वेळेपुढे दोन नावे लिहायची आहेत, एवढेच. समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय यायला पाच मिनिटेही लागू नयेत.